पावसाळा संपला की सिग्नलचा खांब पुन्हा का कलतो?

काळ्या मातीच्या शहरांतली ही तक्रार ठरलेली आहे. चौकातला कॅन्टिलिव्हर सिग्नल, म्हणजे रस्त्यावर आडवा हात काढलेला खांब, मे महिन्यात ओळंब्यात असतो आणि गणपतीच्या सुमारास रस्त्याकडे झुकलेला दिसतो. मग हायड्रा क्रेन येते, खांब ओढून सरळ केला जातो, बुडाशी दगड ठोकून भोवती काँक्रीटची कॉलर ओततात, फोटो काढून बिल सादर होते. पुढच्या सप्टेंबरात तोच खांब, तीच तक्रार. सोलापूर, लातूर, अकोला, नागपूरचा काही भाग, पुण्याच्या कडेची उपनगरे, कुठेही बघा.

दोष बहुतेक वेळा खांबाचा नसतो, काँक्रीटच्या ग्रेडचाही नसतो. पाया स्वतःच्या वजनावर उभा राहील असे धरून ठोकळा ओतला जातो. खरे तर असा खांब बाजूच्या मातीच्या आधारावर उभा असतो, आणि नेमकी तीच माती पावसाळ्यात ढिली होते किंवा कोणीतरी खणून नेते.

दुरुस्तीला हात घालण्याआधी काय कलले आहे ते ठरवा

स्पिरिट लेव्हल आधी बेसप्लेटवर, म्हणजे खांबाच्या बुडाच्या पोलादी पाटावर, आणि मग काँक्रीटच्या माथ्यावर, दोन्ही दिशांना ठेवा. माथा समपातळीत आणि खांब वाकडा असेल तर पायाला दोष देऊ नका. नट ढिले आहेत, बोल्ट वाकलेत किंवा बुडाशी वेल्डजवळ गंजून पत्रा दबला आहे. माथाच कलला असेल तर पाया फिरला आहे. तिसरा प्रकार सहसा लक्षात येत नाही: खांब ओळंब्यात आहे, पण हात रस्त्याला काटकोनात राहिलेला नाही, दिवे भलत्याच लेनकडे तोंड करून आहेत. तिथे पाया जागच्या जागी पिळला गेला आहे, किंवा बेसप्लेट बोल्टांच्या मोठ्या भोकांत सरकली आहे.

मग ओळंबा सोडा. तीन मीटर उंचीवरून सोडलेला दोरा खाली 30 मि.मी. बाहेर पडला तर कल शंभरात एक. हा आकडा आणि कलाची दिशा डांबरावर नको, वहीत लिहा. एकदा मेअखेरीस आणि एकदा सप्टेंबरात मोजले की खांब दर पावसाळ्यात पुढे सरकतोय, की उन्हाळ्यात थोडा मागे येतोय, ते कळते. मागे-पुढे होत असेल तर माती फुगते-आकसते आहे. एकाच दिशेने वाढत असेल तर आधारच कमी पडतोय.

दिशेवरून अर्धे निदान होते. हाताच्या दिशेने, म्हणजे रस्त्याकडे कल असेल तर तो वाऱ्याचा नाही, हाताच्या वजनाचा आहे. पाच मीटरचा हात आणि त्यावरचे दोन दिवे मिळून बुडाशी सुमारे 3 किलोन्यूटन-मीटरचा मोमेंट, म्हणजे खांबाला एका बाजूला उलटवू पाहणारा जोर, टाकतात. आकडा किरकोळ, पण तो चोवीस तास, बारा महिने एकाच बाजूला असतो. ओली चिकणमाती क्षणिक झटका सहन करते, कायमच्या ढकलण्यापुढे मात्र हळूहळू सरकत राहते. कल गटाराकडे किंवा नुकत्याच बुजवलेल्या चराकडे असेल तर आणखी शोधायची गरज नाही. कल रस्त्याच्या लांबीच्या दिशेने असेल तर वारा, किंवा मागे घेताना टेकलेला ट्रक. खांबावर कमरेच्या उंचीला पोचा आणि रंगाचा ओरखडा आहे का ते पाहा.

दुभाजकातल्या खांबांचे आणखी एक दुखणे असते. तिथे झाडे लावलेली असतात आणि उन्हाळाभर टँकरने पाणी घालतात. खांबाच्या एका अंगाला डांबराखाली कोरडी राहिलेली माती, दुसऱ्या अंगाला रोज भिजणारी. भिजलेली बाजू फुगून ठोकळ्याला उचलते. अशा ठिकाणी भर उन्हाळ्यात खांब कलतो आणि सगळे बुचकळ्यात पडतात.

आता खाली वाकून ठोकळ्याची कड बघा. पाया फिरत असेल तर कल ज्या दिशेला, त्याच्या उलट बाजूला काँक्रीट आणि माती यांच्यामध्ये चंद्रकोरीच्या आकाराची फट असते, वर बोटभर रुंद आणि खाली निमुळती होत जाणारी. पावसात ती पाण्याने भरते, वाहनांच्या हादऱ्याने त्यातून पातळ चिखल वर येतो आणि पेव्हरवर काळा ओघळ वाळतो. हा ओघळ दिसला तर आणखी कुठलीही चाचणी न करता सांगता येते की ठोकळा हलतो आहे. काही ठेकेदार या फटीत सिमेंटचे पाणी ओततात. त्याने फट बुजते, पण कल तसाच गोठतो, आणि पुढच्या वर्षी शेजारी नवी फट पडते.

एक घनमीटर काँक्रीट का पुरत नाही

नकाशावर बहुधा एक मीटर बाय एक मीटर बाय एक मीटरचा ठोकळा असतो. लक्षात ठेवायला सोपा, मोजमाप पुस्तकात लिहायला त्याहून सोपा. त्याचा हिशेब करून बघू.

खांब 6 मीटर, हात 5 मीटर, हातावर मागच्या काळ्या पाटीसह दोन दिवे. प्रत्येक दिव्याचे वाऱ्याला अडणारे क्षेत्र सुमारे 0.8 चौ.मी., हाताचे 0.6, खांबाचे 1.2. आयएस 875 (भाग 3) या वाऱ्याच्या भाराच्या भारतीय मानकानुसार पुणे, नाशिकसाठी वाऱ्याचा मूळ वेग 39 मीटर प्रति सेकंद, मुंबई आणि नागपूरसाठी 44. दाब म्हणजे 0.6 गुणिले वेगाचा वर्ग. 39 ला तो चौरस मीटरला साधारण 0.9 किलोन्यूटन येतो. उंची-परिसराचे गुणक इथे एक धरले आहेत आणि आकाराचा गुणक सरसकट 1.2, प्रत्यक्ष डिझाइनमध्ये ते आपापल्या जागेनुसार घ्या.

दिव्यांवर 1.73 किलोन्यूटन, हातावर 0.65, खांबावर 1.3. एकूण आडवा जोर 3.7 किलोन्यूटनच्या आसपास, पण तो बराचसा 6 मीटर उंचीवर लागतो, म्हणून जमिनीच्या पातळीला मोमेंट 18 किलोन्यूटन-मीटर. ठोकळ्याच्या तळाशी, एक मीटर खाली, तो 22 होतो. नागपूरला हेच आकडे 27 टक्क्यांनी वाढवा.

ठोकळ्याचे वजन 24 किलोन्यूटन, खांब आणि हात मिळून आणखी 3. कडेभोवती उलटायला ते विरोध करणार 27 गुणिले अर्धा मीटर, म्हणजे 13.5. हाही कागदावरचा कमाल आकडा. प्रत्यक्षात कडेखालची माती आधीच दबते. गरज 22 ची, वजन देणार साडेतेरा. उरलेले सगळे बाजूच्या मातीने द्यायचे. मे महिन्यात काळी माती विटेसारखी टणक असते, ती देते. ऑगस्टमध्ये तीच माती बोटाने दाबली तर खळगा पडतो.

वरून त्या मातीवर आपण किती भरवसा ठेवावा? चिकणमातीत छोट्या, ताठ पाइलसाठी, म्हणजे जमिनीत उभ्या ओतलेल्या काँक्रीटच्या खांबासाठी, ब्रॉम्स यांची पद्धत वापरतात. तिच्यात पाइलच्या व्यासाच्या दीडपट खोलीपर्यंतची माती हिशेबातून वगळतात. एक मीटर रुंद ठोकळ्याला ही खोली होते दीड मीटर. ठोकळाच एक मीटरचा. म्हणजे या हिशेबाने बाजूची माती त्याला काहीच देत नाही. मग इतके खांब उभे कसे? कारण 39 मीटरचा वारा रोज येत नाही, आणि कोरडी माती हिशेबापेक्षा बरीच उदार असते. ज्या चौकात गटार तुंबते तिथला खांब आधी कलतो, तो याचमुळे.

तेवढेच काँक्रीट उभे वापरले तर चित्र बदलते. 750 मि.मी. व्यासाचा गोल शाफ्ट, म्हणजे पाइलसारखा उभा पाया, घ्या. काळ्या मातीत वरचा दीड मीटर शून्य धरा, कारण तिथपर्यंत उन्हाळी भेगा जातात आणि तिथपर्यंतच केबलवाले खणतात. त्याखाली ओल्या मातीची शिअर स्ट्रेंथ, म्हणजे सरकण्याला विरोध करायची ताकद, 30 किलोपास्कल धरली आणि भारावर अडीचचा सुरक्षा गुणक लावला तर लागणारी एकूण लांबी 2.63 मीटर येते, मी 2.75 करतो. काँक्रीट लागते 1.2 घनमीटर. ठोकळ्यापेक्षा पाचवा हिस्सा जास्त, एवढाच फरक. रोवलेल्या मेढीला जे कळते ते नकाशाला कळत नाही: खोली वाढली की पकड लांबीच्या प्रमाणात नव्हे, वर्गाच्या प्रमाणात वाढते.

सळईची चिंता इथे फारशी नाही. मोमेंटला लागणारे लोखंड किमान प्रमाणापेक्षा कमीच भरते, म्हणून 0.4 टक्के धरून 16 मि.मी.च्या 9 सळ्या, 8 मि.मी.च्या रिंगा 150 मि.मी. अंतरावर. फक्त बोल्टांच्या उंचीत, वरच्या अर्ध्या-पाऊण मीटरमध्ये, रिंगा 75 ते 100 वर आणा. याचे कारण पिळ आहे. दिवे हातावर 3 आणि 5 मीटरवर असतील तर वारा बुडाला साडेआठ किलोन्यूटन-मीटरने पिळतो. 2004 च्या चक्रीवादळांत फ्लोरिडातल्या हमरस्त्यांवर कॅन्टिलिव्हर पाट्यांचे पाये असेच गेले: पिळामुळे बोल्टांनी शाफ्टच्या कडेचे काँक्रीट फोडले. आपल्याकडे ही तपासणी क्वचितच कोणी करते. 750 च्या गोल शाफ्टला 30 किलोपास्कलच्या मातीत दीड मीटरखालची घसटण निम्मी धरली तरी दीडपटीहून जास्त विरोध मिळतो, म्हणून वरचा शाफ्ट या बाबतीतही तरतो.

माती कोणती, हे दोन नळ्यांत कळते

माती तपासायच्या बोअरचे पैसे मिळत नाहीत ही सबब नेहमीची. फ्री स्वेल चाचणीला काही लागत नाही. 425 मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली वाळलेली माती, दहा-दहा ग्रॅमचे दोन भाग, 100 मि.ली.च्या दोन मापनळ्या. एकीत डिस्टिल्ड वॉटर, दुसरीत रॉकेल. काडीने ढवळून हवा काढा आणि निदान 24 तास तशाच ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. समजा रॉकेलमध्ये ती 12 वर बसली आणि पाण्यात 22 वर, तर फुगवटा 83 टक्के. 50 च्या पुढे गेले की साधा उथळ पाया विसरा. कार्यपद्धत आयएस 2720 (भाग 40) मध्ये आहे, आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या कुठल्याही पॉलिटेक्निकमध्ये ती होते.

त्याबरोबर एक खड्डा प्रत्यक्ष खणून घ्या, कारण सगळ्यात मोठा प्रश्न हा की मुरूम किती खाली आहे. दख्खनच्या बेसॉल्टवर काळ्या मातीचा थर कुठे हातभर, कुठे चार-पाच मीटर. मुरूम दीड-दोन मीटरवर लागला तर नशीब समजा: शाफ्ट त्यात अर्धा-पाऊण मीटर उतरवा आणि वरच्या काळ्या मातीला हिशेबात घेऊच नका. उलट तिचा त्रास होऊ नये म्हणून काळ्या थरापुरता शाफ्टभोवती प्लास्टिकचा दुहेरी कागद गुंडाळला तर फुगणारी माती काँक्रीटला धरून वर ओढत नाही. मात्र कागद घातलेल्या लांबीत पिळाला विरोध मिळत नाही, तो मुरमातल्या भागानेच द्यायचा.

काळी माती खोल जात असेल तर रुरकीच्या सीबीआरआयने (केंद्रीय इमारत संशोधन संस्था) विकसित केलेले अंडर-रीम्ड, म्हणजे बुडाजवळ फुगीर केलेले, पाइल हा जुना, खात्रीचा मार्ग आहे. आयएस 2911 (भाग 3) अशा मातीत किमान 3.5 मीटर लांबी मागतो. 300 मि.मी.चे चार पाइल आणि वर त्यांना जोडणारी काँक्रीटची कॅप. कॅपचा तळ मातीला टेकू देऊ नका, खाली मोकळी फट ठेवा. टेकला तर फुगलेली माती कॅप उचलते आणि पाइलचा उपयोग राहत नाही. चार पाइल एका खांबासाठी जास्त वाटतील. गर्दीच्या चौकात तोच खांब दरवर्षी सरळ करायचा असेल तर ते जास्त नाहीत.

खाली पाण्याची लाइन आहे, खोल जाताच येत नाही

शहरात निम्म्या जागी हेच उत्तर मिळते, आणि ते खरे असते. 600 मि.मी.ची जलवाहिनी सिग्नलसाठी हलत नाही. अशा वेळी बाजूच्या मातीचा नाद सोडून रुंदीवर जा. 1.8 मीटर चौरस, 450 मि.मी. जाडीचा तळ, त्यावर पेडेस्टल, म्हणजे खांब बसवायचा आखूड चौथरा, आणि पाऊण मीटर दाबून भरलेली माती. काँक्रीटचे 35 किलोन्यूटन, भरावाचे 41, खांबाचे 3, मिळून 79. तळाशी मोमेंट 22.6, म्हणजे वजनाची रेषा मध्यापासून 286 मि.मी. सरकते. रुंदीचा सहावा भाग 300. तळाचा कुठलाही कोपरा उचलला जात नाही आणि मातीवर जास्तीत जास्त दाब 48 किलोपास्कल, तो भिजलेल्या मातीलाही पेलतो.

या पायाची दोन पथ्ये. पहिले, काळ्या मातीवर तो थेट बसवू नका. खालची माती काढून तिथे न फुगणाऱ्या चिकट मातीचा, म्हणजे सीएनएसचा थर दाबून घ्या. आयआयटी मुंबईत प्रा. कट्टी यांनी ही पद्धत उभी केली, कालव्यांखाली ती आपल्याकडे वर्षानुवर्षे वापरात आहे. तिथे वाळू किंवा खडी भरू नका; ती पाणी साठवते आणि खालच्या मातीला पाजत राहते. दुसरे पथ्य: वरची 41 किलोन्यूटन माती हा पायाचाच भाग आहे. फायबरवाल्याने चर मारून ती अर्धी काढली की हिशेब बिघडला. म्हणून तळाच्या कडांवर रंगीत इशारा-पट्टी पुरा आणि खोदाई परवानगीच्या नकाशावर तळाचा चौकोन दाखवा. नुसता खांबाचा ठिपका दाखवला तर चर खांबापासून फुटभर अंतरावरून जाईल आणि परवानगी मात्र नियमात असेल.

बोल्ट आणि बेसप्लेट

पाया ठीक असून खांब वाकडा दिसतो, तिथे चूक बहुधा काँक्रीट ओतण्याच्या रात्री झालेली असते. बोल्ट हाताने धरून ओतले, टेम्प्लेट नव्हते, मग बेसप्लेट बसेना म्हणून भोके गॅसने मोठी केली. स्टीलचे टेम्प्लेट वर आणि खाली, दोन्हीकडे हवे, तेही काँक्रीट घट्ट होईपर्यंत.

300 मि.मी. चौरसावर चार बोल्ट असतील तर 18 च्या मोमेंटला ताणाच्या बाजूच्या प्रत्येक बोल्टवर 30 किलोन्यूटन येतात. एम 20 ला, म्हणजे 20 मि.मी. व्यासाच्या बोल्टला, ते काठावर जाते, एम 24 घ्या. बेसप्लेटखाली लेव्हलिंग नट असतील तर नटाचा तळ आणि काँक्रीट यांतले अंतर बोल्टच्या व्यासापेक्षा जास्त नको; त्यापुढे बोल्ट नुसता ताणला जात नाही, वाकतोही. कललेल्या ठोकळ्यावर खांब सरळ दाखवण्यासाठी एका बाजूचे नट दोन-अडीच इंच वर चढवलेले मी बरेच पाहिले आहेत. ते दिसले की दुरुस्ती नको, पाया बदला.

काँक्रीटचा माथा फुटपाथपेक्षा 100 ते 150 मि.मी. वर आणि चारी बाजूंना उतार. नंतर पेव्हर बसवणारा येतो आणि माथ्यासकट बेसप्लेट, नट सगळे पुरून टाकतो. दिसायला छान होते आणि चार पावसाळ्यांत वेल्ड गंजतो. केबलचा पाइप पायातून वर येतो तिथे तोंड बंद करा, नाहीतर चेंबरमधले पाणी त्याच वाटेने पायाखाली उतरते. आणि खांब उभा करताना हाताच्या उलट दिशेला किंचित मागे ठेवा, हात चढवला की तो ओळंब्यात येतो.

काँक्रीट ओतल्यावर दुसऱ्याच दिवशी खांब उभा करायचा आग्रह असतो, कारण उद्घाटन ठरलेले असते. निदान सात दिवस पाणी मारा आणि तोवर बोल्टांना हात लावू देऊ नका.

यंदा पाया बदलता येणार नसेल

तर आधी खांबावरचे ओझे उतरवा. डिझाइन दोन दिव्यांचे आणि प्रत्यक्षात खांबावर दोन बाय एक मीटरची शुभेच्छांची पाटी, हे दृश्य कोणाला नवीन आहे? 4 मीटर उंचीवरची ती एक पाटी जमिनीलगतच्या मोमेंटमध्ये साडेआठ किलोन्यूटन-मीटरची भर घालते, 18 चे जवळपास 27 होतात. एम 24 चे बोल्टही त्या मोमेंटला काठावर जातात. पाटी कोणाची आहे हे विचारत बसू नका, रस्त्याच्या सुरक्षेचे कारण नोंदवून काढा. कॅमेरे, वायफायचे खोके, केबलवाल्यांच्या गुंडाळ्या त्यानंतर.

मग पाणी तोडा: ठोकळ्याभोवती मीटरभर रुंदीत डांबर किंवा पीसीसीचा, म्हणजे साध्या काँक्रीटचा, उताराचा पट्टा, खाली जाड प्लास्टिक, आणि दुभाजकात असेल तर तेवढ्या भागातली झाडे हलवा. याने खांब सरळ होत नाही, पण मातीतला ओलावा कमी चढउतार करतो आणि कल वाढायचा वेग मंदावतो. दोन दिव्यांपैकी टोकाचा दिवा जवळ आणता आला तर हाताच्या वजनाचा मोमेंट आणि पिळ दोन्ही कमी होतात. वाहतूक शाखेला विचारून दिवा कुठल्या लेनला दिसायलाच हवा ते ठरवा. कल शंभरात दोनच्या पुढे गेला असेल, किंवा चंद्रकोरीच्या फटीत सळई पायाच्या तळापर्यंत सहज उतरत असेल, तर वाट बघू नका. हात उतरवून ठेवा, चौकात तात्पुरता ट्रॉलीवरचा सिग्नल लावा आणि नवा शाफ्ट जुन्या ठोकळ्यापासून निदान दोन मीटर बाजूला, न खणलेल्या मातीत घ्या. जुना ठोकळा फोडून त्याच खड्ड्यात नवा पाया ओतायचा मोह होतो, पण त्या खड्ड्याच्या भिंती आधीच ढिल्या झालेल्या असतात.